एक्केचाळिसावा नारळ

होडीत सतरा वस्तू होत्या. हवालदारांच्या पेनातली शाई सुकली होती, म्हणून त्या मी माझ्या वहीत लिहून घेत होते.

एक, इंजिन, बंद, दांडा जागेवर. दोन, डिझेलचा कॅन. काठी बुडवून मापलं तर तेरा लिटर शिल्लक. तीन, पाण्याचा कॅन, अर्धा. चार, रिकामा डबा. पाच, भरलेला डबा; त्यात चार भाकऱ्या आणि सुक्या बांगड्याची चटणी. सहा, थर्मास. सात आणि आठ, दोन कप, दोन्ही सरळ उभे, तळाशी चहा सुकलेला. नऊ, प्लास्टिकची बरणी, आत दोन मोबाइल. दहा, ओल्या जाळ्याचे सहा तुकडे. अकरा, बर्फाची पेटी, तीत चौतीस मासे. बारा, नांगर, दोराचं वेटोळं नीट घातलेलं. तेरा, दोन टोप्या, उडून जाऊ नयेत म्हणून नांगराखाली दाबून ठेवलेल्या. चौदा, पाणी उपसायचं डबडं. पंधरा, दोन वल्ही. सोळा, सुरीचं म्यान. सुरी नाही. सतरा, नाळेला, म्हणजे होडीच्या टोकाला, बांधलेला दोर. अडीच हात लांब.

माणसं नव्हती.

"झाला लिवन?" बाबलकाकांनी विचारलं.

"थोडं राहिलंय."

"सामान सतरा आणि तुझी पानां सात. लग्नाची यादी करतस काय?"

कुणी हसलं नाही. बाबलकाकांनाही हसवायचं नव्हतं. ते रात्रभर समुद्रात होते आणि त्यांचे डोळे लाल झाले होते. बाबल मणचेकर म्हणजे नावखोलमधले सगळ्यात जुने तांडेल, होडीचे प्रमुख. होडी होती त्यांच्या मित्राची, दामोदर खवणेकरांची. मंगळवारी पहाटे दामोदरकाका आणि त्यांचा मुलगा शैलेश, दोघेच मासेमारीला गेले. दुपारी बारापर्यंत परतायचे. संध्याकाळी पाचला शेजारच्या गावातल्या लोकांना ही होडी घोडेपाठ टोकाच्या अलीकडे, बरीच दक्षिणेला, एकटीच तरंगताना दिसली. रात्रभर गावातल्या नऊ होड्यांनी तिथे आणि तिथून आणखी दक्षिणेला शोधलं. आता बुधवारची सकाळ होती, सात वाजले होते आणि होडी वाळूत उभी होती.

मी मूळची सांगलीची. या गोष्टीला आठ वर्षं झाली. तेव्हा बी.एस्सी. होऊन सहा महिने झाले होते, आणि किनाऱ्याजवळचं पाणी कुठे वाहतं हे मोजायच्या एका प्रकल्पासाठी मी खवणेकरांच्या पडवीतली खोली भाड्याने घेतली होती. मला पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही.

होडीच्या काठावर हात ठेवून जयवंतीकाकू वाळूत बसल्या होत्या. दामोदरकाकांच्या बायको, शैलेशच्या आई. रात्रीपासून त्या तशाच होत्या. त्यांच्यामागे चार माणसं बादल्या घेऊन उभी होती. त्या बादल्या कशासाठी ते मला त्याच सकाळी कळलं. रिकामी आलेली होडी दुसऱ्या दिवशीच्या भरतीच्या आत समुद्राच्या पाण्याने धुवायची आणि पालथी घालायची. एकदा पालथी घातली की शोध संपला. मग घरात सुतकाचे दिवस धरायचे.

भरती नऊ चाळीसला होती. ते मला कुणाला विचारावं लागलं नाही. भरतीचा तक्ता माझ्याच खोलीच्या भिंतीवर होता.

"बाबलकाका, होडीत पाणी किती होतं?"

"पाणी? टिपूस नाय."

"म्हणजे मोठी लाट आली नाही. लाट आली असती तर कप उभे राहिले नसते."

"लाट खंयसून येतली? काल दर्यो ताटासारखो होतो."

"चोर असते तर मोबाइल नेले असते. काही खाऊन विषबाधा झाली असती तर घाण झाली असती, आणि चौतीस मासे नीट बर्फात लावलेले नसते."

"आणि तो तुझो बुडबुडो?" मागून कुणीतरी म्हणालं. "गॅसचो?"

दोन महिने ओट्यावर मीच त्यांना या गोष्टी सांगितल्या होत्या. रिकामी सापडलेली जहाजं आणि त्यावर लोकांनी मांडलेले तर्क. समुद्राच्या तळातून वायूचा मोठा बुडबुडा येतो आणि जहाज बसतं. वाऱ्याचा ऐकू न येणारा आवाज माणसाला वेडं करतो. शैलेश पोट धरून हसायचा. "अभ्यास करून करून तुझा भूत पण बी.एस्सी. झाला गो," म्हणायचा.

"बुडबुड्याने होडी बुडते," मी म्हटलं. "माणसं तेवढी उचलून नेत नाही."

"मगे माणसां खंय गेली?"

इतके दिवस मी जी कारणं पाठ केली होती ती सगळी सात मिनिटांत या सतरा वस्तूंनी खोडून काढली होती.

"माझ्या बापाशीची होडी अशीच इल्ली," जयवंतीकाकू म्हणाल्या. रात्रीपासूनचं ते त्यांचं पहिलं वाक्य. "भात तसोच पातेल्यात. मी नऊ वर्सांची होतंय. दर्यान हाक मारल्यान, म्हणाले. हाक मारल्यावर जावकच व्हया."

बादलीवाल्यांपैकी एकजण पुढे सरकला. बाबलकाकांनी त्याला हाताने थांबवलं, पण तो हात फार वेळ थांबवणारा नव्हता.

मी सतराव्या ओळीखाली रेघ मारणार होते. तेव्हा मला नाळेच्या आतल्या बाजूला एक छोटी फळी दिसली. तिला दोऱ्याची कडी होती. मागे लहानसा खण असावा. मी वाकले.

"ए चेडवा! थंय हात घालू नको!"

बाबलकाका असे कधी ओरडले नव्हते. माझा हात कडीवरच राहिला.

"इथे काय आहे?"

"काय आसा ता तांडेलाक म्हायत. तांडेलाशिवाय कोणी थंय हात घालणा नाय. बायलमाणसान तर नायच."

"रात्री कुणी उघडून बघितलं?"

"कोण बघतलो? सांगतंय ना!"

"मग ही यादी पुरी नाही," मी म्हटलं. मला भीती वाटत होती, पण अपुरी यादी पुरी म्हणून लिहून द्यायची मला त्याहून जास्त भीती होती. "हवालदारसाहेब, मी सही कशी करू?"

हवालदारांनी समुद्राकडे बघितलं. जयवंतीकाकूंनी मान वर केली.

"बघूंदेत तिका," त्या म्हणाल्या. "आता काय रवला?"

मी फळी ओढली. आत अंधार होता. मी हात घातला आणि जे हाताला लागलं ते बाहेर काढून वाळूत ठेवलं. कुंकवाची पितळी डबी, झाकण उघडं. लाल कापडाचा एक तुकडा, चौघडी घातलेला, एका काठाला ताजा फाटलेला. बोटभर रुंदीची पट्टी काढून घेतल्यासारखा.

"अठरा," मी लिहिलं, "लाल कापड. एकोणीस, कुंकवाची डबी."

"आणि नारळ?" काकूंनी विचारलं.

"नारळ नाही."

"परत बघ."

मी कोपरापर्यंत हात घालून खणाच्या चारही बाजू चाचपल्या. "नाही, काकू. कापड आहे, डबी आहे, नारळ नाही."

बाबलकाका मटकन वाळूत बसले. मग त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले आणि म्हणाले, "पावणो इल्लो!"

"कोण पाहुणा?"

ते सांगायला तयार नव्हते. काकूंनी सांगितलं, भरभर, एका दमात. मोठा ठिपक्यांचा मासा, होडीपेक्षा लांब. त्याला दात नसतात, तो कुणाला मारत नाही. चुकून कधी जाळ्यात शिरतो. गावात त्याचं नाव घेत नाहीत, पाव्हणा म्हणतात. पाव्हणा जाळ्यात आला तर त्याला ओढायचं नाही. प्रत्येक होडीत त्याच्यासाठी एक नारळ ठेवलेला असतो, तो कुंकू लावून पाण्यात सोडायचा. डोक्यावरची टोपी काढायची. मग पाण्यात उतरून जाळं कापून त्याला आपल्या हाताने मोकळं करायचं.

"पाण्यात कोण उतरतं?"

"सगळे. पावण्याच्या वर कोणी उभो रवणा नाय."

"होडीत एकही माणूस राहत नाही?"

"पयलां चार चार होडयो जोडीन जायच्यो," बाबलकाका म्हणाले. "एक पावण्याची, बाकीच्यो लांब राखणीक. आता इंजिना इली. जो तो एकटो." "पण होडी जाळ्याक बांदलेली आसता. ती जातली खंय?"

मी नाळेचा दोर उचलून त्यांच्या हातात दिला. सतरावी वस्तू. त्याचं टोक सुरीने कापलेलं नव्हतं. धागे पिंजून वेगवेगळ्या लांबीचे झाले होते.

बाबलकाकांनी ते टोक अंगठ्यावरून फिरवलं. "तुटलो," ते म्हणाले. "पावण्यान कूस बदलली आणि दोर तुटलो. सकाळचो वारो सुटलेलो. होडी हलकी, निघाली. पोवान गावणा नाय ती."

"म्हणजे ते दोघे पाण्यात जाळ्यापाशी राहिले. जाळ्याला तरंगत ठेवणारे तरंड असतात. बांबू असतो, बावट्याचा."

"चौदा तुकड्यांचो तरंड. दोघांक काय, धा जणांक पुरात." ते ताडकन उठले. "चला! घोडेपाठ!"

"घोडेपाठ नाही," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"होडी वाऱ्याने गेली, म्हणून दक्षिणेला सापडली. जाळं वाऱ्याने जात नाही. दहा मीटर खोल पडदा आहे तो. पाणी नेईल तिकडेच तो जाणार."

"आणि पाणी खंय जाता?"

"माझे नारळ गेले तिकडे."

हे नारळ म्हणजे गावाची करमणूक होती. चाळीस असोले, म्हणजे न सोललेले नारळ मी पिवळे रंगवले होते, प्रत्येकावर नंबर आणि माझा फोन. तीन आठवड्यांपूर्वी दामोदरकाकांच्याच होडीतून ते त्यांच्या मासेमारीच्या जागी सोडले होते. प्रत्येक नारळ पाण्यात टाकताना काकांनी हात जोडले होते. "लोक दर्याक एक नारळ देतत," ते म्हणाले होते, "ह्या चेडवान चाळीस दिले. आता दर्यो हिचो जावई होतलो."

"चाळीसातले तेवीस सापडले," मी वही उघडून दाखवली. "तेवीसच्या तेवीस उत्तरेला. एकही दक्षिणेला नाही. सरासरी सेकंदाला तेरा सेंटिमीटर."

"सेंटिमीटर!" मागचा माणूस म्हणाला. "मोजपट्टी घेवन शोधूया काय?"

"दिवसाला अकरा किलोमीटर होतात ते."

बाबलकाका माझ्या वहीत बघत होते. त्यांना वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक होतं, पण नकाशावर मी काढलेले तेवीस बाण त्यांना वाचता येत होते.

"काकू, शैलेश जेवतो कधी?"

"धा वाजता. धा म्हणजे धा. शाळेत पण पाटयेखाली डबो उघडी."

जेवणाचा डबा भरलेला होता. म्हणजे दहाच्या आत. बाबलकाकांनी बोटांवर हिशेब केला. उजाडल्यावर जाळं ओढायला घेतलं, वीसातले सहा तुकडे ओढून झाले, मासे बर्फात लावले, तर साडेनऊ, फार तर दहा. आणि अठरा लिटर नेलेल्यातलं पाच लिटर डिझेल जळलं म्हणजे तेरा वाव खोलीची जागा. "दामो थंयच जाता. बापूस जायचो म्हणान जाता."

तिथून चोवीस तास. मी आकडेमोड केली. अकरा किलोमीटर उत्तरेला.

"आणि तुझा चुकला तर?" बाबलकाकांनी हळूच विचारलं. "होडयेतले सगळे थकलेले आसत. डिझेल एका खेपेचा आसा. मी उत्तरेक गेलंय आणि ते दक्षिणेक असले तर?"

मी खोटं बोलू शकले असते. "तेवीस नारळांवरून सांगतेय," मी म्हटलं. "माणसं मी कधी मोजली नाहीत."

तेवढ्यात जयवंतीकाकू उठल्या. लुगड्याचा काष्टा त्यांनी नीट केला, काठावर पाय टाकला आणि त्या होडीत चढल्या. मधल्या फळीवर बसल्या. भाकऱ्यांचा डबा मांडीवर घेतला.

"आता घाला पालथी," त्या बादलीवाल्यांना म्हणाल्या.

*

बाबलकाकांच्या होडीत आम्ही चौघं होतो. ते, त्यांचे दोन खलाशी आणि मी. मला कमरेला दोर बांधून मधल्या फळीला अडकवलं होतं. "बुडालीस तर ओढून घेवक व्हया," बाबलकाका म्हणाले, "नायतर सांगलीक काय सांगू?"

मोबाइलवर आमची जागा बघून मी वहीतल्या नकाशावर ठिपके काढत होते. साडेदहाला आम्ही माझ्या आकड्यावर पोचलो. तेरा वावांच्या जागेच्या उत्तरेला बरोबर अकरा किलोमीटर.

तिथे काहीच नव्हतं. सपाट, चकाकणारं पाणी. एका खलाशाने इंजिन बंद केलं आणि आम्ही ऐकलं. पाणी होडीच्या बुडाला चुबूक चुबूक करत होतं.

मी पुन्हा गुणाकार केला. मग आणखी एकदा. उत्तर तेच येत होतं. अंगठ्याखाली वही ओली झाली होती. किनाऱ्यावर एक बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि या होडीत एका खेपेचं डिझेल होतं, आणि ते मी इथे आणलं होतं.

"तुझ्या त्या तक्त्यात भरती कितीक?" बाबलकाकांनी विचारलं.

"नऊ चाळीस."

"आणि आता?"

"दहा पस्तीस."

"मगे सुकती लागली. पाणी भायर ओढता. तुझे नारळ पंधरा पंधरा दिवस पोवत होते गो. इतक्या दिवसांत भरती-सुकती इली गेली, हिशेब फिटलो. हयसर एका दिवसाचो प्रश्न." त्यांनी पश्चिमेकडे हनुवटी केली. "भायर. वायच भायर."

मी हे धरलंच नव्हतं. "किती बाहेर?"

"ता वयत नाय गावणार," ते म्हणाले आणि इंजिन सुरू केलं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी नाळेवर उभ्या असलेल्या खलाशाने हात वर केला. मला आधी काहीच दिसेना. मग एक उभी रेघ दिसली, काडीसारखी, आणि तिच्यावर भगव्या रंगाचा ठिपका. शैलेशचा शर्ट. बावट्याच्या बांबूला बांधलेला.

तरंडांच्या माळेचा त्यांनी झोपाळ्यासारखा गुंता केला होता आणि त्यात दोघे बगलेपर्यंत बसले होते. शैलेशचे ओठ फुटले होते. दामोदरकाकांचा एक हात मुलाच्या पट्ट्यात अडकवलेला होता आणि तो सोडवायला खलाशांना बोटं एकेक करून उघडावी लागली.

त्यांना होडीत घेतलं. बाबलकाका झाकणाने थोडं थोडं पाणी पाजत होते आणि शिव्या घालत होते, एका श्वासात दोन्ही.

"बाबल्या," दामोदरकाका म्हणाले. आवाज पत्र्यावर वाळू ओढल्यासारखा. "मेल्या, जेवन इलंस काय? केवढो उशीर."

"दक्षिणेक शोधत होतंय तुका रात्रभर."

"दक्षिणेक कित्याक? पाणी तर हय वाहता." मग त्यांना मी दिसले. "आणि ह्या चेडू हय? पोवता येता काय तुका?"

"नाही."

"मगे इलस कित्याक?"

"मोजायला," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

शैलेश फळीवर आडवा पडून आभाळाकडे बघत होता. बाबलकाका त्याच्या कानाशी वाकले. "पावणो?"

"सुटलो," शैलेश म्हणाला. "भलो मोठो. एक फटको मारल्यान आणि गेलो. थँक्यू पण म्हणूक नाय."

*

नावखोलच्या किनाऱ्यावर परतलो तेव्हा एक वाजला होता. सकाळी भरती येऊन गेली होती. होडीच्या बाजूंना तिच्या ओल्या रेघा होत्या. होडी सरळ उभी होती. जयवंतीकाकू मधल्या फळीवर होत्या, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. पाणी होडीला लागलं तेव्हाही त्या उतरल्या नव्हत्या, असं नंतर कळलं.

खलाशांनी दोघांना खांद्यावर घेऊन आणलं. काकूंनी नवऱ्याकडे बघितलं, मग मुलाकडे. डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश, सगळं जागेवर आहे का बघितल्यासारखं.

"भाकरी तशीच ठेवलस रे," त्या शैलेशला म्हणाल्या.

त्या डबा उघडायला गेल्या, पण झाकण निघेना. शैलेशने ते उघडलं. शिळी भाकरी त्याने पाण्यात बुडवून खाल्ली. दामोदरकाका वाळूतच बसून राहिले होते. त्यांना उठवायला गेलेल्या डॉक्टरांना ते म्हणाले, "थांब रे, वायच जमीन बघूंदे."

बादल्या कुणी नेल्या ते मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर सगळे जमले. प्रश्न एकच होता. पाव्हणा पुन्हा आला तर? पाण्यात उतरणं कुणीच सोडणार नव्हतं. तसं सुचवायची माझीही हिंमत नव्हती.

"वर उभो रवायचो नाय, इतक्याच आसा ना?" बाबलकाका म्हणाले. "मगे एकान होडयेत निजान रवायचा. उताणो. उभो खंय आसा तो?"

दामोदरकाका हसायला लागले. "आणि आळशी माणूस गावात कमी नाय," ते म्हणाले. "शैलेश निजात." त्यावर शैलेशने बापाला हात जोडले. ठराव झाला.

सगळे गेल्यावर काकू माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. भिंतीवरच्या भरतीच्या तक्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"माझ्या बापाशीच्या होडयेत," त्या म्हणाल्या, "ती फळी कोणी उघडूकच नाय. तशीच पालथी घातली." थोड्या वेळाने म्हणाल्या, "हाक मारूक नसात तेका दर्यान. पावणोच असात."

"कदाचित असेल, काकू. आता सांगता येणार नाही."

"नाय येणार," त्या म्हणाल्या. "पण इतकी वर्सां माका वाटायचा, तो हाक ऐकान आमका सोडून गेलो. तसा नसात." आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. आतून त्यांचा आणि दामोदरकाकांचा भांडायचा आवाज आला. पाण्यात राहून काकांना ताप आला होता आणि तरी त्यांना मासळी हवी होती.

शनिवारी सकाळी साडेआठला मला फोन आला. कातळबंदरच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींचा. माझे सात आणि एकोणीस नंबरचे नारळ त्यांनाच सापडले होते.

"बाई, तुमचा आणखी एक आलाय," ते म्हणाले. "सात वाजता मिळाला. पण हा पिवळा नाही. सोललेला आहे. नंबरही दिसत नाही कुठे. शेंडीला लाल कापडाची पट्टी बांधलीय. चालेल का?"

मी दामोदरकाकांना विचारलं, नारळ पाण्यात नक्की किती वाजता सोडला. त्यांनी शैलेशला विचारलं. शैलेश म्हणाला, दहाला. डब्याकडे हात गेला होता म्हणून त्याच्या लक्षात होतं.

मी वही काढली आणि चाळिसाव्या ओळीखाली लिहिलं: क्रमांक एक्केचाळीस. सोडला मंगळवारी सकाळी दहा. मिळाला शनिवारी सकाळी सात. वेळ त्र्याण्णव तास. अंतर बेचाळीस किलोमीटर, उत्तरेला. सरासरी वेग सेकंदाला साडेबारा सेंटिमीटर.